जुन्या मोटारीचा संसार

बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना तुम्ही कोणाला तरी पाहिले असेल, कदाचित स्वतःही घातले असेल. उन्हाळ्यात चाकाचे लाकूड आकसते, आरे तुंब्यात खिळखिळे होतात, धाव सैल पडते. मग शेतकरी ती चाके ओढ्याच्या डोहात नेऊन ठेवतो आणि लाकूड फुगून चाक पुन्हा आवळते. आज ज्या वस्तूची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे तिची चाकेही लाकडीच होती, आणि तिचे मालकही उन्हाळ्यात अगदी हाच उपाय करीत. फरक एवढाच, की ती वस्तू बैलगाडी नव्हती. ती होती अमेरिकेतल्या डेट्रॉइट शहरी जन्मलेली फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' मोटार.

जुन्या मोटारी जमवण्याचा आणि चालवण्याचा छंद आता जगभर पसरला आहे. आपल्याकडेही मुंबईत, दिल्लीत, कोलकात्यात अशा गाड्यांच्या मिरवणुका निघतात. पितळी दिवे चकाकत असतात, मालक फेटाबिटा बांधून बसलेले असतात, आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छायाचित्र येते. पाहणाऱ्याला वाटते, श्रीमंतांचा चोचला! थोडासा तो आहेही. परंतु मिरवणुकीचा एक दिवस सोडला तर वर्षाचे बाकीचे दिवस या गाड्यांचा मालक, किंवा त्याचा मेस्त्री, काय करीत असतो हे छायाचित्रात दिसत नाही. ते सांगण्यासारखे आहे, आणि ते समजायचे तर इतिहासात थोडे मागे जावे लागेल.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची मोटार आज दुरुस्त होऊ शकते ती का? याचे पहिले उत्तर १९०८ साली इंग्लंडात मिळाले. त्यापूर्वी मोटारी कशा बनत? कारागीर प्रत्येक भाग कानशीने घासूनपुसून त्याच एका गाडीला बसवीत असे. एका गाडीचा दांडा दुसरीला बसेल याची खात्री नसे. सुताराने केलेल्या दोन दरवाजांसारखेच ते. दोन्ही सारखे दिसतात, पण एकाची कडी दुसऱ्याला लागत नाही. १९०८ मध्ये अमेरिकेच्या कॅडिलॅक कंपनीच्या तीन गाड्या लंडनजवळच्या ब्रुकलँड्स येथे सर्वांसमक्ष खोलण्यात आल्या. तिन्हींचे भाग एकमेकांत मिसळले, काही भाग बाजूला काढून त्यांच्याऐवजी साठ्यातले नवे भाग घेतले, आणि साध्या हत्यारांनी पुन्हा तीन गाड्या उभ्या केल्या. कानस वापरायची नाही, अशी अट होती. त्या तिन्ही गाड्या सुरू झाल्या आणि पाचशे मैल धावल्या. शिक्षक मंडळींनी हा प्रसंग मुलांना जरूर सांगावा. एका मापाचे सुटे भाग म्हणजे काय, हे त्यातून लगेच कळते.

हेन्री फोर्डने त्याच वर्षी मॉडेल टी बाजारात आणली. १९०८ ते १९२७ या काळात या एकाच प्रकारच्या दीड कोटींहून अधिक गाड्या निघाल्या. सुरुवातीस तिची किंमत साडेआठशे डॉलर होती. १९१३ मध्ये फोर्डने आपल्या हायलँड पार्क कारखान्यात सरकत्या पट्ट्याची पद्धत सुरू केली. म्हणजे कामगाराने गाडीकडे जायचे नाही, गाडीच कामगारापाशी यायची. जिचा सांगाडा जोडायला पूर्वी बारा तासांहून जास्त वेळ लागे, ती दीड तासाच्या आसपास जोडून होऊ लागली. १९२० नंतरच्या दशकाच्या मध्यावर तिची किंमत तीनशे डॉलरच्या आत आली होती. शेतकऱ्याला परवडणारी मोटार ती हीच. आपल्याकडे या गाड्या मुख्यतः फोर्डच्या कॅनडातल्या कंपनीमार्फत येत, आणि १९२६ मध्ये तिने मुंबईतच आपली शाखा उघडली.

आता ही गाडी सुरू कशी करायची ते पाहू. तुमच्यापैकी ज्यांनी जुन्या ट्रकला हँडल मारताना पाहिले आहे त्यांना यातला काही भाग ओळखीचा वाटेल, सगळा नाही.

प्रथम हातब्रेक पूर्ण मागे ओढायचा. हे विसरून चालत नाही, कारण याच दांड्याने मागची चाके धरली जातात आणि याच दांड्याने इंजिन चाकांपासून सुटे राहते. मग सुकाणूच्या चाकाखाली डावीउजवीकडे दोन छोट्या दांड्या असतात. उजवी पेट्रोलची. पायाने दाबायचा ॲक्सिलरेटर या गाडीला नाहीच! डावी ठिणगीची. नळकांड्यात ठिणगी लवकर पाडायची की उशिरा, हे आजच्या गाडीत यंत्र आपले आपण ठरवते. या गाडीत ते चालवणाऱ्याने कानाने ऐकून ठरवायचे. सुरू करताना ठिणगी उशिरावर ठेवायची. मग पुढे येऊन रेडिएटरपाशी लोंबणारी तार एका हाताने ओढायची, म्हणजे हवा कमी होऊन पेट्रोल दाट जाते, आणि हँडल दोन-तीन वेळा हळू फिरवायचे. मग बटण चालू करायचे आणि डाव्या हाताने हँडल झटक्यासरशी खालून वर ओढायचे. अंगठा मात्र हँडलाभोवती गुंडाळायचा नाही, बोटांच्याच बाजूला ठेवायचा. का? ठिणगी लवकर पडली तर इंजिन उलटा झटका देते. अंगठा अडकलेला असला की मनगट गेलेच म्हणून समजा. त्या काळी अमेरिकेत हाड मोडण्याचा हा प्रकार डॉक्टरांच्या इतक्या परिचयाचा झाला होता, की त्याला फोर्डचेच नाव पडले.

थंडीच्या दिवसांत आणखी एक पंचाईत होई. तेल घट्ट होऊन चकत्या एकमेकींना चिकटत, आणि इंजिन सुरू होताच गाडी हँडल मारणाऱ्याच्याच अंगावर येऊ लागे. यावर खेड्यातल्या लोकांनी एक युक्ती काढली. मागचे एक चाक जॅकने उचलून ठेवायचे, मग हँडल मारायचे. चाक हवेत गरगर फिरते, गाडी जागची हलत नाही. एकदा चाक उचलण्याची सवय लागल्यावर त्या फिरत्या चाकाचा उपयोग न करील तो शेतकरी कसला! त्यावर पट्टा चढवून लोकांनी लाकडे चिरली, पाणी उपसले, दळणही दळले. आपल्याकडे ट्रॅक्टरच्या पट्ट्यावर मळणीयंत्र फिरवतात, त्याचाच हा जुना अवतार.

गाडी चालवायची पद्धत तर आणखी निराळी. पायाशी तीन पायपट्ट्या असतात. डावी पूर्ण दाबली की गाडी सावकाश पुढे जाते, अर्धी दाबली की सुटी होते, पूर्ण सोडली की वेगात जाते. मधली मागे जाण्याची. उजवी ब्रेकची. आजच्या मोटारीची सवय असलेला माणूस थांबायचे म्हणून घाईने डावी पायपट्टी खाली दाबतो, आणि गाडी थांबण्याऐवजी पुढे उसळते. म्हणून अशा गाडीचा जाणता मालक आपली गाडी कोणाही चांगल्या ड्रायव्हरच्या हाती सहसा देत नाही. चांगला ड्रायव्हरच इथे जास्त धोक्याचा, कारण त्याचे पाय आपले आपण चालतात.

पेट्रोलची टाकी बसायच्या जागेखाली असे. पेट्रोल वर खेचणारा पंप नव्हता; ते उतारानेच इंजिनाकडे वाहत जाई. टाकीत पेट्रोल थोडे असले आणि चढण उभी लागली की इंजिन टाकीच्या वर जाई, पेट्रोल पोहोचायचे बंद होई. मग काय करायचे? गाडी वळवायची आणि मागे चालवत घाट चढायचा! ऐकायला गंमत वाटते, पण हजारो लोकांनी तसे केले आहे. मागे जाण्याचा गियर जोरदारही होता, त्यामुळे चढण सोपी जाई.

पाण्यालाही पंप नव्हता. तापलेले पाणी हलके होऊन वर जाते आणि गार पाणी खाली येते, हा विज्ञानाच्या पुस्तकातला नियम या गाडीत प्रत्यक्ष राबत होता. वंगणाला पंप नव्हता. फिरते जड चाकच तेल उडवी. तेल किती उरले आहे हे पाहायला आजच्यासारखी खुणेची पट्टीही नव्हती. गाडीखाली आडवे व्हायचे, खालच्या बाजूला एकावर एक अशा दोन तोट्या असतात त्या उघडायच्या. वरच्या तोटीतून तेल आले तर ते जास्त आहे. खालचीतून आले नाही तर गाडी मुळीच सुरू करायची नाही. वरून येत नाही आणि खालून येते, म्हणजे ठीक. इतके साधे. पण ते पाहायला रोज जमिनीवर पाठ टेकावी लागते.

आता अशी एक गाडी नव्हे, आठ-दहा गाड्या एखाद्या माणसाच्या छपरीत उभ्या आहेत असे समजा. कोणी १९२० ची, कोणी १९३८ ची, कोणी १९५६ ची. तुम्हांला वाटेल, गाडी चालवली की झिजते, तेव्हा उभीच ठेवलेली बरी. इथेच बहुतेकांची फसगत होते. उभी मोटार चालत्या मोटारीपेक्षा लवकर मरते. टायर एकाच जागी वजन सोसून चपटे होतात. पेट्रोल काही महिन्यांत शिळे होते, त्याची रोगणासारखी चिकट पूट कार्बुरेटरच्या बारीक भोकांत बसते. ब्रेकचे तेल हवेतले पाणी ओढून घेते आणि आतून गंज धरतो. वाल्व अडकतात, बॅटरी बसते, चामड्याचे आणि रबराचे अडसर सुकून तडकतात. उंदीर तर तारांवरचे कापड खातात आणि बैठकीतल्या काथ्यात पिले घालतात. घरात कणगी असणाऱ्याला मी उंदरांबद्दल अधिक सांगायला नको.

म्हणून या लोकांच्या घरी प्रत्येक गाडीची एक वही असते. कोणत्या तारखेला सुरू केली, किती चालवली, तेल कधी बदलले, कोणता आवाज आला. 'पाच मिनिटे सुरू करून बंद केली' एवढ्याने भागत नाही, उलट अपाय होतो. इंजिन थंड असताना जळलेल्या पेट्रोलाबरोबर पाणी तयार होते. इंजिन पुरते तापले नाही तर ते पाणी वाफ होऊन निघून जात नाही, तेलात मिसळते आणि आतल्या पोलादाला खाते. म्हणजे सुरू करायची तर वीस-पंचवीस किलोमीटर फिरवून आणायची. आठ गाड्या म्हणजे आठ फेऱ्या. शिवाय ब्रेक सांभाळायचे, कारण जुन्या गाडीला थांबायला जागा फार लागते. पुढची मोटारसायकल अचानक आडवी आली तर आजची गाडी थांबेल, ती थांबणार नाही. जुन्या ब्रेकच्या अस्तरांत ॲस्बेस्टॉस असते. त्याची धूळ फुंकर मारून उडवणे फुप्फुसाला घातक, म्हणून ती ओल्या फडक्यानेच पुसतात. हे आता सर्वांना ठाऊक झाले आहे. पूर्वीच्या मेस्त्रींना कोणी सांगितले नव्हते.

गेल्या काही वर्षांत या संसारात एक नवी कटकट आली, आणि तिचा तुमच्या उसाशी थेट संबंध आहे. आपल्या देशात पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळतात. २०२५ पर्यंत ते प्रमाण वीस टक्क्यांवर गेले. साखर कारखान्यांना त्यातून पैसा मिळतो, ऊस उत्पादकाचे बिल निघायला हातभार लागतो. पण इथेनॉल पाणी धरून ठेवते, आणि जुन्या रबराच्या नळ्या व बुचाचे तरंगते भाग यांना ते मानवत नाही. नळी मऊ पडली की गळते, आणि तापलेल्या इंजिनाजवळ पेट्रोल गळणे म्हणजे आग. तेव्हा जुन्या गाडीचा शहाणा मालक आधी सगळ्या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या करून घेतो आणि टाकी फार दिवस अर्धी ठेवत नाही. ऊस लावणाऱ्याने आपला दर सोडावा असे कोणी म्हणणार नाही. मीही म्हणत नाही. मौज अशी, की हेन्री फोर्ड स्वतः शेतमालापासून काढलेल्या मद्यार्कावर गाड्या चालवाव्यात या मताचा होता.

शिशाची गोष्ट याच्या उलट झाली. इंजिन ठोके देऊ नये म्हणून पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग घालायला १९२३ मध्ये अमेरिकेत सुरुवात झाली. शिसे विषारी, विशेषतः मुलांना. आपल्याकडे असे पेट्रोल २००० साली बंद झाले. त्या वेळी मधल्या काळातल्या गाड्यांच्या मालकांना वाल्वच्या बैठका झिजण्याची काळजी लागली. मॉडेल टी वाल्यांना लागली नाही. तिचा जन्मच शिशाच्या आधीचा.

आता एक वादाचा मुद्दा. जुनी गाडी ठेवायची ती कशासाठी, पाहण्यासाठी की चालवण्यासाठी? इंग्रजांनी आपल्या परीने याचे उत्तर दिले आहे. तिथे १८६५ च्या कायद्याने यांत्रिक गाडीच्या पुढे एका माणसाने लाल निशाण घेऊन चालले पाहिजे, असे बंधन होते. वेग खेड्यात ताशी चार मैल, गावात दोन. १८९६ मध्ये ते बंधन गेले, आणि त्याच्या आनंदात १४ नोव्हेंबर १८९६ रोजी काही मोटारी लंडनहून समुद्रकाठच्या ब्रायटनला निघाल्या. १९२७ पासून त्या दिवसाची आठवण म्हणून नोव्हेंबरमध्ये तसाच प्रवास होऊ लागला. १९०५ पूर्वीच्या गाड्यांनाच त्यात प्रवेश आहे. पहाटे हाइड पार्कमधून निघायचे, साठेक मैल जायचे. शर्यत नाही, पहिला नंबर नाही. थंडी-पावसात उघड्या गाडीवर बसून संध्याकाळच्या आत पोहोचलात की झाले. कित्येक वाटेत बंद पडतात. रस्त्याच्या कडेला बसून दुरुस्त करतात आणि पुन्हा निघतात.

क्यूबा देशाचे उत्तर निराळे, आणि मला विचाराल तर अधिक मोलाचे. १९५९ मध्ये तिथे क्रांती झाली. पुढे अमेरिकेने व्यापार तोडला, आणि अमेरिकन गाड्यांचे सुटे भाग येणे थांबले. गाड्या मात्र तिथेच राहिल्या, शेवरले, फोर्ड, ब्यूक, सगळ्या १९५९ च्या आधीच्या. त्या लोकांनी छंद म्हणून नव्हे, पोटासाठी त्या चालवल्या. मूळ इंजिन गेले तर रशियन गाडीचे बसवले, कधी डिझेलचे बसवले. भाग मिळाला नाही तर घरी ओतला, घासला. संग्राहक म्हणतील, ही गाडी अस्सल राहिली नाही. कुऱ्हाडीचा दांडा बदलला, मग पाते बदलले, तर कुऱ्हाड तीच का, असा तो जुना प्रश्न आहे. कुऱ्हाड चालवणाऱ्याला तो कधी पडत नाही.

आपल्या मुंबईची पद्मिनी टॅक्सी याच वाटेने गेली. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये स्थापलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या नमुन्यावर ती गाडी बनत असे. गियरचा दांडा सुकाणूलाच जोडलेला, पुढे बैठक सलग. काळी-पिवळी होऊन तिने मुंबईला तीन-चार पिढ्या इकडून तिकडे पोहोचवले. टॅक्सीचे वय वीस वर्षांवर जाऊ नये, असा नियम झाला. शेवटच्या पद्मिनीची टॅक्सी म्हणून नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ ची होती. त्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिली नाही. पण इतकी वर्षे ती ज्यांनी चालती ठेवली त्या मेस्त्रींचे काय? कार्बुरेटर जिभेवर पेट्रोलचा वास घेऊन जुळवणारे, वाल्वमधील फट पत्र्याच्या पट्टीने मोजण्याआधी बोटाने ओळखणारे ते हात आता म्हातारे झाले. त्यांची मुले संगणक लावून गाडीचा दोष पाहतात, आणि त्यात त्यांचे काही चुकत नाही.

सरकारने जुलै २०२१ मध्ये जुन्या गाड्यांचे नियम केले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली, मूळ रूपात राखलेली मोटार किंवा मोटारसायकल 'विंटेज' म्हणून नोंदवता येते. तिच्या क्रमांकात 'व्हीए' ही दोन अक्षरे असतात. नव्या नोंदणीचा आकार वीस हजार रुपये, मुदत दहा वर्षे, नंतर पाच हजारांत पुन्हा नोंदणी. ती रोजच्या कामाला किंवा धंद्याला रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, मिरवणूक, अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती यांसाठीच आणता येते. नियमाचा हेतू चांगला आहे. मात्र मघाशी सांगितलेली ती वीस-पंचवीस किलोमीटरची फेरी, गाडी जिवंत ठेवणारी, ती दुरुस्तीत धरायची की रोजच्या कामात, हा पेच व्यवहारात उरतो.

तुमच्या गावात एखाद्या वाड्याच्या पडवीत, नाही तर बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात अशी एखादी गाडी धूळ खात असेल. ती दिसली तर हँडल मारायला धावू नका. आधी नळकांड्यांच्या वरच्या ठिणगीच्या चकल्या, म्हणजे स्पार्क प्लग, काढा. प्रत्येक भोकात थोडे पातळ तेल सोडा आणि दोन दिवस जाऊ द्या. मग हँडल हाताने सावकाश फिरते का पाहा. फिरत नसेल तर जोर करू नका; आणखी तेल घाला, आणखी थांबा. टाकीतले जुने पेट्रोल काढून टाका. आणि गावात सत्तरीपुढचा कोणी मेस्त्री असेल तर त्याला बोलावून आणा, बाजूला खाट टाकून बसवा, आणि तो काय काय सांगतो ते कोणा मुलाला वहीत उतरवून घ्यायला सांगा.